चांदी खरी की अळंबी

शालनआत्याला रानात जायचं असलं की आम्हा पोरांपैकी कुणाला तरी खोकला व्हावा लागायचा. आमचं घर हुपरीतलं, चांदीकामाचं. पुढच्या सोप्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, ऐरणीसमोर मांडी घालून बसायचे आणि सकाळचा चहा झाला की जी टकटक सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. शेजारच्या घरात टकटक, पलीकडच्या घरात टकटक. आमच्या गावातल्या पोरांना त्या आवाजात झोप लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची. मधल्या खोलीत आई आणि आत्या पैंजणांना घुंगरं जोडत बसलेल्या. आत्या ही आप्पांची धाकटी बहीण. तिचं लग्नाचं वय उलटून चाललंय असं गावाचं मत होतं. तिचं स्वतःचं मत कुणी विचारत नव्हतं, तरी ती सांगायची. तर पाऊस उघडला, ऊन पडलं, की आत्या हातातलं घुंगरू खाली ठेवायची आणि माझ्या पाच वर्षांच्या भावाकडं, बंड्याकडं, नुसतं बघायची. बंड्या खोकायचा. त्याचं बघून नंदा, आमचं शेंडेफळ, खोकायची. तिला खोटं खोकता येत नव्हतं म्हणून ती तोंडानं "खोक, खोक" असं म्हणायची. मी सगळ्यांत मोठी, सातवीत होते, मला लाज वाटायची, तरी मीही खोकून घ्यायची.

पुढं हातोडी थांबायची. "कोण खोकायलंय गं?"

"तिघं बी," आत्या म्हणायची. "अडुळसा आणाय पायजे, दादा. ओढ्याकडंला लई माजलाय."

"जावा. पर पाला घेऊन सरळ घरला यायचं."

सरळ आम्ही संध्याकाळी यायचो. गुडघ्यापर्यंत चिखल आणि चौघांत मिळून अडुळशाची चार पानं. आप्पांना काही कळत नव्हतं असं समजू नका. एकदा त्यांनी अडुळशाचं रोपच आणून घरामागच्या परड्यात लावलं, म्हणजे रानात जायला निमित्तच उरायला नको. ते रोप मेलं. कशानं मेलं मला माहीत नाही, पण भाताची कढत पेज आत्या रोज तिकडंच ओतायची एवढं मी पाहिलंय.

लहान पोरांना घेऊन रान बघायचं म्हणजे रान फारसं बघून होतच नाही, हे आता नातवंडांना घेऊन रंकाळ्यावर फिरायला जाते तेव्हा मला पटतं. गल्ली संपून गायरान लागायच्या आत बंड्याला वाणी किडा सापडायचा. त्याला काडी लावली की तो गोल वेटोळं करून बसायचा, आणि तो परत उलगडेपर्यंत बंड्या जागचा हलायचा नाही. त्या किड्याला जितकी घाई नव्हती तितकी बंड्यालाही नव्हती. नंदाला गोगलगायी लागायच्या. ती त्यांना "जेवलीस का?" असं विचारायची आणि उत्तराची वाट बघायची. दुसरी कुठली बाई असती तर पोरांना फरफटत नेलं असतं. आत्या बांधावर फतकल मारून बसायची आणि म्हणायची, "बगा निवांत. रान कुटं पळून चाललंय?" घरी घुंगरू हातातून निसटलं तरी चिडणारी ही बाई रानात इतकी शांत कशी व्हायची, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं.

आमचा खरा जीव मात्र पावसाळी छत्र्यांत, म्हणजे अळंब्यांत. श्रावणात बांधाबांधावर, शेणाच्या ढिगावर, कुजक्या ओंडक्यावर काय वाट्टेल ते उगवायचं. पांढऱ्या टोप्या, तपकिरी टोप्या, बाभळीच्या खोडाला फुटलेले कान, आणि बोट लावलं की फुस्स करून धूर सोडणारे गोळे. त्या गोळ्यांचं नाव बंड्यानं "मास्तर" ठेवलं होतं. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण मला पटलं होतं. शेणावर उगवते ती कुत्र्याची छत्री, ती खायची नाही, असं आत्यानं एकदा सांगितलं. बंड्यानं ते शब्दशः घेतलं. पुढच्या पावसाच्या सरीत हा पठ्ठ्या गल्लीतल्या कुत्र्याला गळ्याला धरून गायरानात घेऊन गेला आणि छत्रीजवळ बसवायला लागला. कुत्रं बसेना. "आरं तुझीच हाय, बस की!" म्हणून हा ओरडतोय, कुत्रं भिजतंय, हा भिजतोय, आणि आत्या बांधावर पोट धरून हसतेय. त्या दिवशी आम्हाला खरोखरचा खोकला झाला.

आत्याचे नियम कडक होते. पोरांनी बघायचं, हात लावायचा नाही. तोडणार ती एकटी. आणि अळंबी दिसली तर ओरडायचं नाही, बोट तर मुळीच दाखवायचं नाही. बोट दाखवलं की अळंबी लाजते आणि पुढच्या वर्षी तिथं येत नाही, असं ती सांगायची. मग दाखवायचं कसं? कोपरानं. नाहीतर हनुवटीनं. बंड्या पोटानं दाखवायचा. अळंबीच्या दिशेला पोट काढून श्वास रोखून उभा राहायचा, चेहरा लाल होईपर्यंत. मला ती सवय अजून आहे. मंडईत मी वांगी हनुवटीनं दाखवते, आणि भाजीवाली म्हणते, "आजी, मान आखडलीया व्हय?"

हे वाचून कुणी पिशवी घेऊन रानात निघणार असेल तर आधी खाली बसा. आत्या इतक्या सगळ्या प्रकारांतली एकच अळंबी घरी आणायची, वारुळावर उगवणारी, जमिनीत खोलवर लांब मूळ गेलेली. ती तिला तिच्या आजीनं दाखवलेली, आणि तिच्यातही तिळभर शंका आली तरी ती सोडून द्यायची. "न्हाय खाल्ली तर काय मरत न्हाय, खाल्ली तर मरंल," एवढंच तिचं शास्त्र. मी स्वतः आज दुकानातली डबाबंद अळंबी आणते. तिला कसलीच चव नसते, पण नातवंडं जिवंत राहतात.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा गोंधळ कळणार नाही. अळंबी शिजत असताना आई पातेल्यात चांदीचं एक घुंगरू टाकायची. रश्श्याला एक उकळी आली की पळीनं बाहेर काढायचं. पांढरं राहिलं तर अळंबी चांगली, काळं पडलं तर विषारी. ही रीत पुष्कळ घरांत होती, पण आमच्याकडं तिला देवघरातल्या आरतीइतका मान, कारण चांदी आप्पांच्या हातची. पांढरं घुंगरू बघून आप्पा दर वेळी तेच बोलायचे: "माणूस खोटं बोलंल, चांदी बोलत न्हाय." गावात सगळ्याच प्रकारचा माल निघायचा, शुद्धही आणि हलक्या धातूची भर घातलेलाही. गिऱ्हाइकाला जसा परवडेल तसा, त्यात काही पाप नव्हतं. पण आप्पा भर घालायचे नाहीत. भर घालायला सांगणाऱ्या व्यापाऱ्याला ते चहासुद्धा विचारायचे नाहीत. त्यामुळं आमच्याकडं पैसा बेताचा आणि ताठा मात्र भरपूर.

तशात कागलहून निरोप आला की पावणं आत्याला बघायला येतायत. चातुर्मासात लग्नं होत नाहीत, पण बघून ठेवायला काय हरकत, असं मुलाच्या मामांचं म्हणणं. आत्याची आधीची स्थळं मोडली होती आणि ती का मोडली ते सगळ्या घराला माहीत होतं. एका मुलाला तिनं विचारलं होतं, "तुमच्या रानात वारुळं किती?" त्या लोकांना वाटलं पोरगीला नागाचं काहीतरी आहे. दुसऱ्याच्या आईनं विचारलं, "काय काय येतं?" तर हिनं सांगितलं, "झाडावर चढाय येतं." आप्पा प्रत्येक वेळी डोकं धरून बसायचे आणि म्हणायचे, "ह्ये सगळं रानात हिंडल्यानं झालंय." पण ह्या वेळचा मामला वेगळा होता. ह्या वेळी आत्यालाच स्थळ हवं होतं. मुलगा, वसंत त्याचं नाव, दूध गोळा करायची गाडी चालवायचा आणि त्याची खेप पार चंदगडपर्यंत जायची. "चंदगड!" आत्या मला माजघरात हळूच म्हणाली. "तिकडं पाऊस उघडतच न्हाय म्हणं. मंगे, तिथं काय काय उगवत असंल गं!" सासर कसलं, सासू कसली, याची तिनं चौकशीसुद्धा केली नाही. एवढं खरं की ती रात्री उशीखाली हात घेऊन जागी असायची आणि मी विचारलं की म्हणायची, "जमंल न्हवं गं?"

पंचाईत जेवणाची होती. कोल्हापूरकडच्या पाहुण्याला मटण न घालता परत पाठवायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. आणि महिना श्रावण, मटणाचं नाव काढायची सोय नाही. आईनं मसूर सुचवला, तर आप्पा म्हणाले, "लगीन जमवायचंय, हमालाला न्हेरी न्हाय द्यायची." शेवटी आत्याच म्हणाली, "दादा, अळंबीचा रस्सा करूया. मटणाच्या तोंडात मारील असला करती मी." आप्पांनी हातोडी खाली ठेवली आणि, जन्मात पहिल्यांदा, स्वतःहून म्हणाले, "जा. घेऊन या." बंड्या सवयीनं खोकला. "आता कशाला खोकतोस, मूर्खा!" आप्पा ओरडले. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

त्या सकाळी आम्ही जी अळंबी आणली तशी मी परत कधी पाहिली नाही. ओढ्यापलीकडच्या वारुळावर बंड्या पोट काढून उभा राहिला, आणि बघतो तर सगळं वारूळ पांढरं. आत्या आधी खाली बसली, हात जोडले, आणि मग एकेक मुळाशी धरून हलकेच काढायला लागली. सगळी काढली नाही, थोडी ठेवली. आम्ही तिघं मांजरासारखे गप्प बसून होतो. नंदा तेवढी एका अळंबीला हळूच म्हणाली, "आमच्याकडं पावणं येणार हायत." टोपली पदरानं झाकून आम्ही घरी आलो, कारण अळंबीची जागा आणि अळंबी दोन्ही गावाला दाखवायची नसतात.

पावणं आले ते दोघेच, वसंत आणि त्याचे मामा. वसंत काटकुळा, मान खाली, कपाळाला केस चिकटलेले. बोलायचं काम सगळं मामांचं. मामा तरुणपणी तालमीत होते आणि ते विसरायला कुणाला सवड देत नव्हते. सोप्यात बसताच त्यांनी पाट करकरवला, मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं की त्यांच्या पोटात दगड टाकला तरी त्याचा चुरा होतो. आप्पा कौतुकानं मान हलवत होते. आत चुलीवर रस्सा रटरटत होता. भाजलेला कांदा, खोबरं, आणि लसूण तर आत्यानं मूठमूठ घातला होता. वासानंच मामांचं बोलणं मधेमधे अडखळत होतं. आई भाकरी थापत होती, आत्याला लुगडं नेसवायला शेजारीण आली होती, मी ताटं पुसत होते. त्या गडबडीत घुंगरू टाकायचं आई विसरली. नंदाच्या ते लक्षात आलं. तिनं आईचा पदर ओढून दोनतीनदा सांगायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी तिला "गप बस, पावणं आल्यात" हे उत्तर मिळालं. मग ती चुलीपाशी जाऊन बसली.

पंगत बसली. वाढायला मी. मामांनी पहिली वाटी तोंडाला लावून खालीच ठेवली नाही. "आयला! श्रावण मोडला का काय, आप्पा? ह्ये मटणच हाय!" आप्पा हसले, आतून आत्याच्या बांगड्या वाजल्या. वसंत मान खाली घालून भराभर खात होता. मामांनी दुसरी वाटी घेतली, तिसरी मागितली. मी पातेल्याच्या तळापासून पळी घातली आणि भरभरून त्यांच्या वाटीत ओतली. खळ्ळ असा आवाज झाला. मामांनी दोन बोटांनी काहीतरी लांबडं, काळं वर उचललं. त्यातून रस्सा ठिबकत होता.

"ह्ये काय? शेवग्याची शेंग व्हय?"

"माजं हाय," दारातून नंदा म्हणाली. एक पाय वाजत, एक पाय न वाजता ती पुढं आली. "माजं पैंजण हाय. आई इसरली चांदी टाकाय. मी टाकलं." आणि शाबासकीसाठी सगळ्यांकडं बघत उभी राहिली.

शाबासकी कुणी दिली नाही. मामांच्या हातातलं पैंजण काळंकुट्ट होतं. चांदी काळी पडली म्हणजे काय, हे कागलच्या माणसाला शिकवावं लागत नव्हतं. मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातला लाल रंग कुठंतरी निघून गेला. आईच्या हातातली भाकरी ताटाबाहेर पडली.

"मेलो," मामा म्हणाले.

"मामा, जरा दमानं," वसंत म्हणाला. तो दारात आल्यापासून बोललेला हा पहिला शब्द.

"आरं दमानं काय! जीभ जड झालीया माझी. डोळ्याम्होरं हिरवं हिरवं दिसायलंय."

"हिरवंच दिसणार की. समोर भित्त हिरवी हाय."

मामांनी भिंतीकडं पाहिलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. ते आप्पांकडं वळले. एवढा आडदांड माणूस, पण आवाज पार मऊ झालेला. "आप्पासाब, एक सांगा. ही चांदी खरी हाय का हलकी? हलकी असंल तर ती कशानं बी काळी पडंल. तसं असंल तर बोला, माझ्या जिवाला बरं वाटंल. आणि चांदी खरी असंल, तर तुमच्या बहिणीनं आम्हाला इख घातलंय."

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. इकडं आड, तिकडं विहीर, असं नुसतं म्हणतात. मी माझ्या बापाला त्या दोहोंच्या मधे मांडी घालून बसलेला पाहिलाय. चांदी खरी म्हणावं तर बहीण विष घालणारी ठरते, हे स्थळ तर मोडतंच, पण पुढं तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी पिणार नाही. चांदी खोटी म्हणावं तर ज्या गोष्टीवर ते जन्मभर ताठ मानेनं जगले ती ह्या पाहुण्याच्या ताटात संपते. त्यांनी पैंजण हातात घेतलं, अंगठ्यानं घासलं. अंगठ्याखाली खऱ्या चांदीचा पांढरा डाग उमटला. त्यांनी तो लगेच अंगठ्यानंच झाकला. ते पैंजण त्यांनी स्वतः केलं होतं. त्यात काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. बघायला आलेल्यांपुढं मुलीनं मान खाली घालून यावं अशी रीत; ही मान वर करून आली. पण तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती आणि ते बघून मला रडू फुटलं. "दादा," ती म्हणाली, "वारुळाचीच हाय. माझ्या हातानं काढलीया. दुसरी एक बी काडी टोपलीत न्हवती."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग मामांकडं.

"पावणं," ते म्हणाले, "दोनातलं एक खोटं हाय, ह्ये खरं. माझी बहीण रानात जाती. त्यावरनं मी तिला लई बोललोय, अजून बी बोलंन. पर तिनं आणलेली अळंबी ह्या घरात कुणाला बाधलेली न्हाय. ती चांगली म्हणती म्हंजे चांगली हाय. मग ऱ्हायली चांदी." त्यांनी पैंजण ताटाशेजारी ठेवलं. "चांदीत भर हाय. मीच घातलीया."

रस्त्यापलीकडच्या घरातली टकटक तेवढी ऐकू येत होती. मामांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की समोरच्या वाटीतला रस्सा हलला. आणि जीव वाचला म्हटल्याबरोबर माणसाला अक्कल शिकवायचं सुचतं, तसं त्यांना सुचलं. "सोत्ताच्या पोरीच्या पायात हलकी चांदी, आप्पा? शितावरनं भाताची परीक्षा हुती म्हणत्यात."

"हुती," आप्पा म्हणाले.

मला त्या क्षणी मामांच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली होती. खरं सांगते, आजही वाटते.

मामांचा जीव तरी पुरता शांत झाला नव्हताच. चांदी खोटी असली तरी अळंबी खरीच आहे असं कुठं ठरतंय, असा हिशोब त्यांनी मनात मांडला असावा. कारण ते उठले, आईकडून तांब्याभर मिठाचं पाणी घेतलं आणि परड्यात गेले. दगडाचा चुरा करणाऱ्या त्या पोटातून जे आवाज आले ते शेजारच्या घरापर्यंत गेले आणि बंड्या कौतुकानं ते बघायला त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. इकडं आत्यानं स्वतःसाठी ताट वाढून घेतलं, पदर खोचला आणि सरळ वसंतच्या समोर, मामांच्या रिकाम्या पाटावर येऊन बसली. भाकरी कुस्करली, वरून रस्सा ओतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत असताना सगळं ताट जेवली. तिखटानं की कशानं, ते मी विचारलं नाही.

वसंत तिच्याकडं बघत होता. मग त्यानं स्वतःची वाटी माझ्यापुढं सरकवली. "मला बी वाढ की गं. लई भारी झालाय." आणि आत्याला म्हणाला, "कुटं घावली?"

"सांगत न्हाय," आत्या म्हणाली, नाक पुसत.

"चंदगडच्या वाटंला एक जागा मला बी ठावं हाय."

आत्याचा घास हातातच राहिला. "कुटं?"

"मी बी सांगत न्हाय," वसंत म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. परड्यातून मामांचा आवाज येतच होता. आई मला म्हणाली, आता जमलं.

कुणालाही काही झालं नाही. आता मला माहीत आहे की चांदीला विषातलं काहीही कळत नाही. लसणात आणि कांद्यात गंधक असतं, त्यानं चांदी काळी पडते. आईचं घुंगरू एका उकळीत बाहेर यायचं म्हणून पांढरं राहायचं, आणि नंदाचं पैंजण मूठमूठ लसणात तासभर शिजलं. जीव घेणाऱ्या अळंबीत चांदी टाकली तर ती खुशाल पांढरी राहील. एवढी वर्षं आमच्या घराचा जीव आत्याच्या नजरेनं राखला होता आणि आरती आम्ही घुंगराची करत होतो. पण हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. आप्पांना तर नाहीच. त्यांनी ठरवलं ते कसल्याही पुराव्याशिवाय ठरवलं.

त्याची किंमत त्यांना पडली. मामांच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि हुपरी ते कागल अंतर फार नाही. महिन्याभरात व्यापारी आप्पांचा प्रत्येक नग उलटासुलटा करून बघायला लागले. चहाच्या टपरीवर कुणी हाक मारायचं, "काय आप्पा, अळंबीची चांदी काय भाव?" आईनं एकदा चिडून म्हटलं, "सांगून टाका की खरं हाय ते! बहिणीपायी घर बुडवताय व्हय?" आप्पा हातोडी न थांबवता म्हणाले, "चांदी खरी म्हटलं की अळंबी खोटी झाली. लगीन हुदे." आत्या घुंगरं जोडत सगळं ऐकायची. ती त्या दिवसांत रानात गेली नाही. बंड्या रोज खोकून खोकून थकला.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या दारात मांडव पडला. मांडवात अर्धी हुपरी, म्हणजे सगळे चांदीवालेच. आप्पांनी बहिणीसाठी स्वतःच्या हातानं पैंजण केलं होतं. तसं काम मी नंतर कुठल्या पेढीत पाहिलं नाही. ते ताटात ठेवून पाहुण्यांपुढं आणलं तेव्हा अंतरपाट धरलेला होता, भटजींनी घसा साफ केला होता, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. मामांनी ताटात डोकावून मांडवभर ऐकू जाईल असं विचारलं, "काय आप्पा, ह्ये तरी खरं हाय न्हवं? का ह्ये बी अळंबीचं?"

सगळा मांडव हसला. आप्पाही हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

अंतरपाटाच्या अलीकडून नवरी बोलली. मुंडावळ्या हातानं बाजूला सारून, रानात आम्हाला हाक मारायची त्याच आवाजात. "मामा, आमच्या दादाची चांदी खरी हाय. त्या दिवशी बी खरी हुती. माझ्यासाठी त्यो खोटं बोलला. ह्या मांडवात ज्यांनी ज्यांनी त्येला नावं ठेवली त्यांनी ऐकून घ्यावं."

टपरीवरचे सगळे खाली बघायला लागले. मामांच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमल्या. हिशोब चालला होता. मग त्यांचा एक हात पोटावर गेला. "चांदी खरी... म्हंजे अळंबी?"

"मामा," अंतरपाटापलीकडून वसंत म्हणाला, "जित्तं हाईसा न्हवं? मग झालं. भटजी, चालू द्या."

मी आप्पांकडं पाहिलं. त्यांनी फेट्याचा शेमला तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. शेमला खाली आला तेव्हा गाल ओले होते, आणि ते बहिणीवर जन्मात ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यांदा ओरडले:

"आगं भवाने, अक्षता पडूस्तवर तरी गप बसायचं की!"